तारेवरची ठिणगी

संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या खोबणीत आपण जी बारीकशी केबल खुपसतो, तिच्या तारांवरून सेकंदाला अब्जावधी संकेत धावत असतात. त्याच तारांच्या टोकाशी बसलेल्या चिपचा प्राण आपल्या बोटावरून उडालेली एक ठिणगी घेऊ शकते. ती ठिणगी आपल्याला जाणवेलच असेही नाही. साधारणतः तीन हजार व्होल्टच्या खालचा स्थिर विजेचा झटका माणसाच्या त्वचेला कळत नाही, आणि चिपचा जीव तर त्याच्या कितीतरी आधी जातो. या ठिणगीपासून तारांचे रक्षण कसे करावे हा विषय अभियंत्यांच्या पुस्तकांत आकृत्या आणि आकडे यांच्या रूपाने येतो, आणि जणू तो परवाच उपजला असावा अशा थाटात मांडला जातो. वस्तुतः त्याची मुळे दोन-अडीचशे वर्षे मागे जातात. तारायंत्राच्या काळातील माणसे ज्या दोन अडचणींशी झगडली, त्याच दोन अडचणी आजच्या अभियंत्यापुढे हात जोडून उभ्या आहेत. तो धागा आम्ही येथे उलगडू पाहतो.

आरंभी तर ठिणगी हाच निरोप होता. सन १७४५-४६ च्या सुमारास लायडन येथील मुशेनब्रुक आणि पोमेरेनियातील क्लाइस्ट या दोघांना स्वतंत्रपणे असे आढळले की काचेच्या बरणीत घर्षणाने उत्पन्न केलेली वीज साठवून ठेवता येते. या ‘लायडन बरणी’ने सारे युरोप वेडे झाले. फ्रान्समध्ये आबे नोले याने १७४६ साली राजासमोर १८० रक्षकांना एकमेकांचे हात धरून उभे केले आणि बरणीचा झटका दिला. सर्वजण एकाच क्षणी उडाले. पुढे कार्थुसियन मठातील संन्याशांवरही त्याने तोच प्रयोग केला. विनोद बाजूला ठेवला तर त्यातून एक गंभीर गोष्ट निष्पन्न झाली : विजेला अंतर कापावयास डोळ्याला कळेल इतका वेळ लागत नाही. मग तिला दूत का करू नये? १७५३ साली ‘स्कॉट्स मॅगझीन’मध्ये ‘सी. एम.’ एवढीच सही असलेले एक पत्र छापून आले. त्यात दर अक्षराला एक तार आणि तारेच्या टोकाशी हलका गोळा टांगून, घर्षणयंत्राच्या विजेने कागदाच्या अक्षरांना ओढून घेण्याची कल्पना होती. हा ‘सी. एम.’ कोण, याचा निकाल आजही लागलेला नाही.

ही कल्पना कागदावरून जमिनीवर आणली फ्रान्सिस रोनाल्ड्झ याने. लंडनजवळ हॅमरस्मिथ येथील घराच्या बागेत १८१६ साली त्याने आठ मैल लांबीची तार मागेपुढे ताणली, तिचा काही भाग काचेच्या नळ्यांत घालून जमिनीखाली पुरला, आणि दोन्ही टोकांना एकाच गतीने चालणारी घड्याळे ठेवून स्थिर विजेच्या साहाय्याने अक्षरे पाठविली. ही योजना त्याने ब्रिटिश आरमाराच्या कचेरीपुढे ठेवली. नेपोलियनचे युद्ध नुकतेच संपले होते. तेव्हा कोणत्याही प्रकारचे तारायंत्र आता पूर्णतः अनावश्यक आहे, अशा आशयाचे उत्तर सचिव बॅरो यांच्याकडून आले. ज्यांनी आपले आयुष्य फायलींवर शेरे लिहिण्यात घालविले, अशा आम्हांसारख्यांना त्या उत्तराचा सूर ओळखीचा वाटल्यावाचून राहत नाही. पत्र सभ्य आहे, नियमाला धरून आहे, आणि त्यामुळे एका शोधाचा मार्ग वीस वर्षे अडला.

रोनाल्ड्झच्या लिखाणातील एक निरीक्षण मात्र आमच्या विषयासाठी मोलाचे आहे. काचेच्या नळीत घालून पुरलेली लांब तार ही स्वतःच एक लायडन बरणी होईल, तिच्यात वीज अडकून राहील आणि संकेत लगेच ओसरणार नाही, असे त्याने ओळखले होते. तारेचा हा जो वीज साठवून धरण्याचा गुण, त्याला आपण आज धारिता म्हणतो. बरणीत ती हवीशी असते, तारेत नकोशी. कारण तारेवरचा संकेत म्हणजे दाबाची चढउतार; आणि धारिता जितकी अधिक तितकी ती चढउतार संथ. घागर भरावयास वाटीपेक्षा वेळ लागतो, तसेच हे.

पुढे व्होल्टाची बॅटरी आली, ओर्स्टेडचे चुंबकीय परिणाम कळले आणि स्थिर विजेऐवजी वाहत्या विजेवर तारायंत्रे चालू लागली. मोर्सची वॉशिंग्टन-बाल्टिमोर तार १८४४ ची. आता निरोपाचा दाब थोड्या व्होल्टांचा झाला, आणि ठिणगी जी एके काळी दूत होती ती शत्रू झाली. मैलोगणती उघड्यावर ताणलेली तार म्हणजे आकाशातल्या विजेला दिलेले आमंत्रणच. वीज प्रत्यक्ष तारेवर पडावयास हवी असेही नाही. जवळपास कडाडली तरी तारेत दाबाची लाट उसळते, ती कचेरीपर्यंत धावत येते आणि यंत्राच्या केसासारख्या वेटोळ्यांना जाळून टाकते. तारबाबूंना झटके बसत, यंत्रांतून ठिणग्या उडत. अमेरिकेत जोसेफ हेन्री याने १८४६ च्या सुमारास या परिणामांचा अभ्यास केला. फ्रान्समध्ये ब्रेगे याने १८४७ साली सुचविले की यंत्राच्या अलीकडे तारेचा एक तुकडा मुद्दाम बारीक ठेवावा. वीज आलीच तर तो आधी वितळेल आणि यंत्र वाचेल. आपल्या घरातील फ्यूजचा मूळपुरुष तो हाच.

परंतु फ्यूज वितळावयास वेळ लागतो, आणि वितळल्यावर तार मुकी होते. म्हणून दुसरी युक्ती रूढ झाली, आणि तीच आजतागायत टिकली आहे. तारेला जोडलेली एक धातूची पट्टी आणि जमिनीला जोडलेली दुसरी, या दोन्ही अगदी जवळ, पण न टेकता, समोरासमोर ठेवावयाच्या. निरोपाच्या अल्प दाबाला मधली फट ओलांडता येत नाही, त्यामुळे तो यंत्राकडे जातो. विजेचा प्रचंड दाब मात्र ती फट उडी मारून पार करतो आणि जमिनीत विरतो. एकाच तारेवरून आलेल्या दोन पाहुण्यांपैकी कोणाला घरात घ्यावयाचे आणि कोणाला अंगणातूनच वाटेला लावावयाचे, हा निवाडा ती फट आपोआप करते. तडित्‌रक्षकाचे सारे शास्त्र या एका फटीत आहे, असे म्हटले तरी चालेल.

हिंदुस्थानात तारायंत्र आणले ते डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी. वैद्यकाचा व रसायनाचा हा प्राध्यापक. कलकत्त्याजवळ त्यांनी १८३९ सालीच प्रायोगिक तार चालवून पाहिली होती. पण कंपनी सरकारने लक्ष दिले ते डलहौसीच्या कारकीर्दीत. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तार झाली, १८५४ च्या मार्चमध्ये कलकत्ता-आग्रा जोडले गेले, आणि आग्र्याहून मुंबईकडे जाणारी तार ग्वाल्हेर व इंदूर या मार्गाने उतरली. आमच्या वाचकांपैकी अनेकांचे पूर्वज ज्या आग्रा-मुंबई रस्त्याच्या काठी शिंदे-होळकरांच्या चाकरीत होते, त्याच्या कडेनेच हे खांब उभे राहिले. ओशॉनेसी यांनी युरोपातील बारीक तारेऐवजी लोखंडाची जाड सळईच वापरली. माकडे, घारी आणि वादळे यांना टिकेल अशी वस्तू हवी, हा त्यांचा विचार होता. इंग्लंडमधील आकृत्या जशाच्या तशा न उचलता देशाचे हवामान पाहून योजना करणारा अधिकारी म्हणून आम्हांस हा गृहस्थ आदरणीय वाटतो. तारेची सेवा १८५५ मध्ये जनतेला खुली झाली. ती बंद पडली २०१३ च्या जुलैत.

जमिनीवरील तारांना आकाशाची भीती, तर समुद्राखालील तारांना रोनाल्ड्झने वर्तविलेली बरणी भोवली. १८५८ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली केबल जोडली गेली. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचावयास सुमारे सोळा तास लागले. केबलचा तांब्याचा गाभा, भोवतीचे गटापर्चाचे वेष्टन आणि बाहेरचे समुद्राचे पाणी मिळून दोन हजार मैलांची लायडन बरणी तयार झाली होती, आणि दर ठिपक्यासाठी ती भरावी व रिकामी करावी लागत होती. विल्यम टॉमसन (पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिन) यांनी याचे गणित आधीच मांडून ठेवले होते. कंपनीचा विद्युत्‌तज्ज्ञ व्हाइटहाउस हा मात्र ते न मानता दाब वाढवीत गेला, हजारो व्होल्टांपर्यंत. आधीच दुबळी असलेली केबल तीन आठवड्यांत कायमची मुकी झाली. मुंबईला सुएझमार्गे इंग्लंडशी जोडणारी समुद्री केबल १८७० मध्ये पडली तोवर हा धडा गिरविला गेला होता.

येथवर दोन गोष्टी सिद्ध झाल्या. ठिणगीला जमिनीकडे वाट हवी, आणि तारेवर धारिता वाढली की निरोप मंदावतो. तिसरी गोष्ट सिद्ध होण्यासाठी एक भांडण व्हावे लागले, आणि ते इतके रंगतदार आहे की त्यावर थोडे थांबणे आम्हांस आवश्यक वाटते.

विल्यम प्रीस हे ब्रिटिश टपालखात्याचे प्रमुख विद्युत्‌तज्ज्ञ. तारा, खांब, रक्षक यांत हयात गेलेली. त्यांचे मत असे की आकाशातील वीज ही शेवटी वीजच. तिला कमीत कमी रोधाची वाट द्यावी, म्हणजे जाड तांबे आणि उत्तम जमीन, की ती निमूटपणे उतरेल. ओमचा नियम पुरेसा आहे. लिव्हरपूलचे प्राध्यापक ऑलिव्हर लॉज यांना १८८८ च्या वसंत ऋतूत सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये तडित्‌रक्षणावर दोन व्याख्याने देण्याचे निमंत्रण मिळाले. त्यांनी लायडन बरणीचा झटका घेतला आणि त्याला दोन वाटा दिल्या. एक, जाड तांब्याची लांब तार, जिचा रोध नगण्य. दुसरी, हवेतील छोटी फट, जिचा रोध जवळजवळ अमर्याद. ओमच्या नियमाने झटक्याने डोळे मिटून तांब्याची वाट धरावयास हवी होती. पण ठिणगी फटीतून उडाली.

कारण असे की प्रवाह जेव्हा अत्यंत वेगाने बदलतो तेव्हा तारेचा रोध गौण ठरतो आणि तिची प्रवर्तकता प्रधान होते. प्रवर्तकता म्हणजे प्रवाहातील बदलाला तारेने केलेला विरोध. भरलेल्या बैलगाडीला एकदम धावावयास सांगितले तर ती जशी हटून बसते तसा. वाटेत दगडधोंडे नाहीत म्हणून गाडी हलकी होत नाही. लांब तार, मग ती कितीही जाड असो, अकस्मात आलेल्या झटक्यापुढे भिंतीसारखी उभी राहते. तेव्हा वाट रुंद असण्यापेक्षा आखूड असणे महत्त्वाचे.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात बाथ येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात प्रीस आणि लॉज यांचा समोरासमोर सामना झाला. प्रीस यांनी टपालखात्याच्या अगणित रक्षकांचा अनुभव पुढे केला. प्रयोगशाळेतील बरणी आणि ढगातील वीज एक नव्हेत, असा त्यांचा आक्षेप होता. तो अगदीच पोकळ नव्हता. नीट बसविलेले आणि नीट राखलेले रक्षक बहुतेक वेळा काम करीत, हे खरेच होते. परंतु मॅक्सवेलचे गणित, ते पुढे नेणारा आणि प्रीस यांच्या अवकृपेने छळलेला एकेकाळचा तारबाबू ऑलिव्हर हेविसाइड, आणि त्याच अधिवेशनात फिट्झजेराल्ड यांनी जाहीर केलेले हर्ट्झचे विद्युत्‌लहरींचे प्रयोग, या सर्वांनी निकाल लॉजच्या बाजूने लावला. प्रीस हे खलनायक होते असे आम्ही म्हणणार नाही. खात्यात तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला आपला अनुभव हाच निसर्गनियम वाटू लागतो. तो दुर्गुण नसून पदाची सवय असते. मात्र हेविसाइडचा लेख प्रसिद्ध होऊ न देण्यापर्यंत ती सवय गेली, हे क्षम्य नाही.

त्यानंतरचे शतक आम्ही झपाट्याने ओलांडतो. टेलिफोन आले, मुंबई, कलकत्ता, मद्रास येथील एक्सचेंजे १८८२ च्या जानेवारीत उघडली. धातूच्या पट्ट्यांच्या जागी कोळशाचे दोन ठोकळे आणि मधे अभ्रकाने राखलेली केसाइतकी फट आली, मग वायू भरलेल्या काचेच्या व सिरॅमिकच्या नळ्या आल्या. तत्त्व तेच. आमच्या भागातील एक नोंद येथे अवश्य करावी. भारतीय बनावटीचे, खेड्यांसाठी मुद्दाम रचलेले सी-डॉटचे १२८ जोडण्यांचे एक्सचेंज प्रथम बसले ते १९८६ च्या जुलैत कित्तूरला, आपल्या बेळगाव जिल्ह्यात. वातानुकूलनावाचून धूळ आणि उकाडा सोसेल असे ते यंत्र होते. ओशॉनेसींची जाड सळई आणि कित्तूरचे एक्सचेंज यांत एकाच जातीचा विचार दिसतो.

इकडे यंत्राच्या पोटात मोठी उलथापालथ होत होती. निर्वात नळीला ठिणगीची पर्वा नव्हती. तिच्या आत जाड धातू आणि मोकळी जागा. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला, आणि १९५९-६० मध्ये बेल प्रयोगशाळेत अटाला आणि कांग यांनी ‘मॉस’ ट्रान्झिस्टर करून दाखविला. त्यात सिलिकॉनवर त्याच्याच ऑक्साइडचा, म्हणजे एका अर्थी काचेचाच, पातळ पापुद्रा असतो आणि त्यावर धातू. वाचकांच्या ध्यानात आले असेल की ही पुन्हा लायडन बरणीच झाली, फक्त मुंगीलाही न दिसणारी. या काचेची सहनशक्ती ढोबळ मानाने दर नॅनोमीटर जाडीस एक व्होल्ट. १९७० च्या सुमारास पापुद्रा शंभर नॅनोमीटरच्या आसपास असे, तेव्हा शंभरेक व्होल्टांवर तो फुटे. शतक पालटताना तो दोन नॅनोमीटरवर आला. आरंभीचे मॉस ट्रान्झिस्टर कारखान्यातून निघताना त्यांचे पाय एका कड्याने एकत्र बांधून पाठवीत. मंडलात डाख दिल्यावरच ते कडे काढावयाचे.

आणि माणसाच्या अंगावर किती वीज साठते? अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८० मध्ये काढलेल्या हस्तपुस्तिकेत एक कोष्टक आहे, ते पुढे जगभर उद्धृत होत राहिले. गालिच्यावर चालणाऱ्या माणसाच्या अंगी कोरड्या हवेत ३५,००० व्होल्टांपर्यंत भार साचतो, दमट हवेत १,५००. व्हिनाइलच्या फरशीवर कोरड्या हवेत १२,०००, दमट हवेत २५०. पणजीला राहणाऱ्याला जी गोष्ट वर्षभर जाणवत नाही ती ग्वाल्हेरच्या जानेवारीत लोकरी स्वेटर काढताना अंधारात चटचटते, त्याचे कारण हेच. हवेतील ओलाव्याचा पातळ थर वस्तूंवर बसून भार हळूहळू वाहून नेतो. इंदूर-ग्वाल्हेरकडील उन्हाळ्याच्या आरंभीचे दिवसही या दृष्टीने वैऱ्याचेच.

यातील खरी कठीण बाब म्हणजे झालेली इजा दिसत नाही. चिप कधी जागीच मरते. कधी नुसती जखमी होऊन चार महिने नीट चालते आणि मग एक दिवस बंद पडते. तोवर ठिणगीचा दिवस कोणाच्या स्मरणात नसतो. आमच्या नोकरीच्या काळात एका कचेरीत दोन इमारतींमधील संगणक बाहेरून टाकलेल्या तारेने जोडले होते. दर वर्षी वळवाच्या पहिल्या गडगडाटाबरोबर एकदोन पोर्ट निकामी होत. पुरवठादार ‘वापरणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे’ असा शेरा मारून बिल पाठवी आणि कारकुनास खुलासा मागितला जाई. बिचाऱ्याने त्या तारेला हातही लावलेला नसे. तारेच्या दोन्ही टोकांना रक्षक बसविले असते तर त्यांचा खर्च त्या बिलाच्या अल्पांशानेही झाला नसता. पण रक्षक निविदेत नव्हते.

या दोषारोपाच्या गोंधळातूनच मोजमापाची गरज उत्पन्न झाली. चिपने किती सोसावे हे ठरविण्यासाठी अमेरिकी लष्करी मानकांत मानवी देहाचे एक प्रतिरूप स्वीकारले गेले : शंभर पिकोफॅरडची धारिता आणि पंधराशे ओहमचा रोध. माणसाचे याहून रूक्ष वर्णन आमच्या वाचनात नाही. चिप दोन हजार व्होल्टांपर्यंत हा माणूस सहन करील, अशी अपेक्षा रूढ झाली. १९७९ पासून या विषयावर स्वतंत्र परिषदा भरू लागल्या. कारखान्यांत मनगटाला एक मेगओहमच्या रोधातून जमिनीशी बांधणारा पट्टा आणि गुलाबी पिशव्या आल्या. परंतु कारखान्याबाहेर, ग्राहकाच्या हाती पट्टा नसतो. म्हणून तयार वस्तूसाठी आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तांत्रिक आयोगाने १९८४ मध्ये वेगळी आणि कितीतरी कठोर परीक्षा घालून दिली. तीच पुढे ६१०००-४-२ या क्रमांकाने प्रसिद्ध झाली. तिच्या चौथ्या श्रेणीत आठ हजार व्होल्टांचे टोक थेट टेकवितात. सेकंदाच्या एक अब्जांशाहून कमी वेळात प्रवाह तीस अँपिअरवर चढतो.

चिप मात्र दिवसेंदिवस नाजूक होत चालली. वेगासाठी तिच्या आतील रक्षक लहान करणे भाग पडले. २००६ मध्ये चिप-उत्पादकांनी एक मंडळ स्थापून अभ्यास केला आणि पुढील वर्षी असा निष्कर्ष मांडला की, कारखान्यांतील दक्षता वाढली असल्याने दोन हजारांचा आग्रह सोडावा, एक हजार व्होल्ट पुरेत. तर्क बरोबर होता. परंतु त्याचा अर्थ असा की ग्राहकाच्या ठिणगीपासून रक्षण करण्याचे ओझे चिपच्या अंगावरून उतरून मंडल-रचनाकाराच्या डोक्यावर आले. खोबणी आणि चिप यांच्या मधे, बाहेर, वेगळा रक्षक बसविणे ही आता चैन राहिली नाही.

तो रक्षक कसा असावा? १९६० च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या मात्सुशिता कंपनीत मात्सुओका यांनी झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर शोधला. अल्प दाबाला तो अडवितो, दाब चढला की एकदम वाट देतो. जणू कोळशाच्या ठोकळ्यांमधील फट लाखो सूक्ष्म कणांच्या सीमांवर वाटून दिलेली. सिलिकॉनचे ॲव्हलांच डायोड हेच काम अधिक नेमकेपणाने करतात. विजेच्या पुरवठ्याच्या तारेवर दोन्ही उत्तम. संकेताच्या तारेवर मात्र रोनाल्ड्झची जुनी बरणी परत येते, कारण या प्रत्येक रक्षकाला स्वतःची धारिता असते, आणि रक्षक जितका दांडगा तितकी ती अधिक.

आकड्यांनी पाहू. १९९६ च्या पहिल्या यूएसबीचा कमाल वेग सेकंदाला १.२ कोटी संकेत, म्हणजे दर संकेतास सुमारे ८३ नॅनोसेकंद. तेथे पन्नास पिकोफॅरडचा रक्षक लावला तरी तो संकेताला नॅनोसेकंदभरच रेंगाळवितो; कोणाचे काही बिघडत नाही. २००० साली दुसरी आवृत्ती आली, ४८ कोटींची. संकेत दोन नॅनोसेकंदांचा झाला आणि तोच रक्षक त्याचा निम्माअधिक भाग गिळू लागला. २००८ मध्ये ५०० कोटी. आता दर संकेतास नॅनोसेकंदाचा पाचवा हिस्सा. पन्नास पिकोफॅरड येथे लावणे म्हणजे तार कापून टाकणेच. अर्ध्या पिकोफॅरडच्या वर जाता येत नाही. २०१९ च्या आवृत्तीत दोन जोड्या मिळून वेग ४,००० कोटींवर गेला. चोराला अडविण्यासाठी दाराला इतके जाड कुलूप लावले की घरच्या माणसालाच आत येता येईना, अशी ही स्थिती.

यातून काढलेली वाट आम्हांस या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर युक्ती वाटते. मोठा डायोड तारेला थेट जोडावयाचाच नाही. तारेला दोन चिमुकले डायोड जोडावयाचे, एक वर तोंड करून आणि दुसरा जमिनीकडे. आणि मोठा डायोड त्यांच्या पाठीशी. नेहमीच्या वेळी चिमुकले दोघे मिटलेले असतात, त्यामुळे धावत्या संकेताला केवळ त्यांचीच अल्पशी धारिता दिसते. ठिणगी आली की ते उघडतात आणि तिला मागच्या पहिलवानाच्या हाती देतात. एकाच पहिलवानाला अनेक तारा पाळीपाळीने सोपविता येतात, हा आणखी लाभ.

एवढे करूनही मंडल मरते, आणि तेथे लॉज साहेब उभे असतात. तांब्याच्या अरुंद पट्टीची प्रवर्तकता दर मिलिमीटरला ढोबळ मानाने एक नॅनोहेन्री. रक्षकापासून जमिनीपर्यंतची पट्टी एक सेंटिमीटर लांब ठेवली तर दहा नॅनोहेन्री. तीस अँपिअर एका नॅनोसेकंदात चढले तर त्या सेंटिमीटरभर तांब्यावर तीनशे व्होल्ट उभे राहतात, पट्टीचा रोध शून्य असला तरी. मागची चिप दोन-चार व्होल्टांची. तिच्या दृष्टीने रक्षक असून नसल्यासारखा. म्हणून रक्षक खोबणीला अगदी चिकटून बसवावा, संकेताची पट्टी त्याच्या पायावरूनच पुढे न्यावी, आडफाटा काढून नव्हे, आणि जमिनीचा स्तर त्याच्या पायाखालीच छिद्रातून गाठावा. रक्षक आणि चिप यांच्या मधले अंतर मात्र थोडे अधिक असलेले चालते. तेथली प्रवर्तकता चिपच्या बाजूने लढते. पाठ्यपुस्तकांत हे नियम म्हणून दिलेले असतात. बाथच्या त्या सभेत काय झाले हे ज्याला ठाऊक आहे त्याला ते पाठ करावे लागत नाहीत.

या रक्षकाची किंमत काही पैशांत किंवा फार तर थोड्या रुपयांत असते. खर्च कमी करावयाचा झाला की यादीतून पहिल्याने तोच कापला जातो, कारण तो नसला तरी वस्तू कारखान्यातून चालू स्थितीतच निघते. तो कापल्याचा परिणाम दिसतो तो कोरड्या हिवाळ्यात, दूरच्या गावी, एखाद्या शाळेच्या संगणकावर. आणि तेथे दुरुस्ती करणारा ‘पोर्ट गेला’ एवढेच सांगतो.

आता अलीकडची एक अडचण. टाइप-सी नावाच्या चोवीस टाचांच्या खोबणीत चार्जिंगचा दाब आणि संकेताच्या तारा अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने शेजारी बसल्या आहेत. पूर्वी हा दाब पाच व्होल्टांचा असे. पुढे वीस झाला आणि २०२१ पासून अठ्ठेचाळीसपर्यंत चढविण्याची मुभा मिळाली. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून भ्रमणध्वनींना हीच खोबणी सक्तीची केली आहे. केबल तिरपी ओढली किंवा खोबणीत ओलसर धूळ गेली तर तो दाब शेजारच्या टाचेवर जातो. ठिणगी अब्जांश सेकंदात येऊन जाते. हा दाब मात्र केबल काढेपर्यंत तेथेच ठाण मांडून राहतो. ठिणगीसाठी रचलेला डायोड इतका वेळ तग धरत नाही, तोच तापून जळतो. म्हणून अशा टाचांवर आता डायोडाच्या मागे, दाब चढताच तार तोडणारा एक सूक्ष्म स्विच बसवू लागले आहेत. तो ब्रेगेच्या १८४७ मधील बारीक तारेचेच काम करतो. फक्त वितळत नाही, आणि दाब उतरला की आपोआप पुन्हा जुळतो.